मदत हवी आहे: पसंतीक्रमाच्या मतदानात निकाल कसा लावायचा?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात गणेशोत्सवाचा शिल्लक निधी कशावर खर्चायचा, यासाठी २१ सभासदांनी चिठ्ठीवर पसंतीक्रम लिहिला.

८ जण: वाचनालय, तालीम, तळ्याचा गाळ.
७ जण: तालीम, गाळ, वाचनालय.
६ जण: गाळ, वाचनालय, तालीम.

जोडीजोडीने बघितलं तर वाचनालय तालमीला हरवतं (१४-७), तालीम गाळाला (१५-६), आणि गाळ वाचनालयाला (१३-८), म्हणजे चक्रच झालं! क्रमाला २, १, ० गुण दिले तर वाचनालय आणि तालीम दोघांना २२-२२. शेवटचा पर्याय बाद करून त्याची मतं वळवली की वाचनालय जिंकतं. पण १३ जणांना त्यापेक्षा गाळ काढणं हवंय, त्यांना काय सांगू?

तीन किंवा जास्त पर्याय असले की सगळ्या न्याय्य अटी पाळणारी पसंतीक्रमाची पद्धतच नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरोंनी सिद्ध केलंय, ते ठाऊक आहे. म्हणून निर्दोष पद्धत मागत नाही. सर्वांत कमी फरकाचा निकाल (१३-८) सोडून देऊन चक्र तोडणं कितपत योग्य? कुणी आपल्या मंडळात किंवा सोसायटीत असा नियम लावलाय का? चिठ्ठ्या उघडल्यावर आता पद्धत ठरवणं मला पटत नाही, फेरमतदान घ्यावं का? वयस्कर सभासदांनाही समजेल असं सांगा, प्लीज.