‘ऑथेंटिक’ सेल्फी: अस्सल की प्रामाणिक?

रावपुरेकर: आमच्या वडोदऱ्याच्या मराठी मंडळाच्या अंकात सेल्फीवर लेख घेतोय. ‘स्वछबी’ लिहावं का? आणि ‘ऑथेंटिक सेल्फी’ला ‘अस्सल सेल्फी’ चालेल?

दांडियाबाजारकर: काका, सेल्फी राहू द्या. २००२ साली ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तो शब्द. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं आणि आता तो आपल्या आज्यांच्याही तोंडी आहे. लिंग मात्र ठरवून घ्या. कोणी ‘सेल्फी काढला’ म्हणतं, कोणी ‘काढली’. मी स्त्रीलिंगी लिहिते. गुजराती शेजारामुळे आपल्याकडे ‘फोटो पाडला’ही कानावर येतं, ते बोलण्यात गोडच वाटतं.

खरी अडचण ‘अस्सल’ची आहे. जुन्या दफ्तरात अस्सल म्हणजे मूळ कागद आणि त्यावरून उतरवलेली ती नक्कल. फतेहसिंह संग्रहालयातलं रविवर्म्यांचं तैलचित्र अस्सल, घरोघरी भिंतीवर लागलेली छापील चित्रं त्याच्या नकला. तिथे शब्द चपखल बसतो. सेल्फीत मूळ कुठलं धरायचं? पडद्यावर आपण आरशातल्यासारखे उलटे दिसतो आणि जतन झालेला फोटो पुष्कळदा सुलटा असतो, म्हणून आपलाच चेहरा परका वाटतो. हातभर अंतरावरून नाक असतं त्याहून मोठं दिसतं. फिल्टर न लावताही कॅमेऱ्याने एवढं केलेलं असतं.

म्हणून मला ‘प्रामाणिक’ हवा. तो शब्द वागण्याबद्दल बोलतो. नवरात्रात चनियाचोळीत, चेहऱ्यावर चमचमता फिल्टर लावून मुली सेल्फी टाकतात. सगळ्यांना फिल्टर दिसतोय, त्यात फसवणूक काय? उलट स्थळासाठी पाठवलेल्या फोटोत गुपचूप रंग उजळला, तर तो अप्रामाणिकपणा आहे, आणि तो मुलीला ‘रंग सावळा’ म्हणून नाकारणाऱ्यांनी तिच्यावर लादलेला असतो, हेही लेखात यावं. सरसकट फिल्टरवाल्यांना खोटं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

२०२३ मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने ‘ऑथेंटिक’ला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं, म्हणजे इंग्रजीतही याची चर्चा आहेच.

रावपुरेकर: पटतंय. पण ‘प्रामाणिक सेल्फी’ वाचताना अडखळतो. प्रामाणिक माणूस असतो ना?

दांडियाबाजारकर: बरोबर, तिथे विशेषण फोटोला लावूच नका. ‘सेल्फीतला प्रामाणिकपणा’ लिहा. नुसतं फिल्टर नाही एवढंच सांगायचं असेल तिथे ‘बिनफिल्टरची सेल्फी’ पुरे. सयाजीरावांच्या काळात, १९३१ मध्ये, याच शहरात राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत मांडणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला. एका शब्दाला एकच प्रतिशब्द असा हट्ट आपण तरी कशाला धरायचा? ‘अस्सल’ अंकातून काढू मात्र नका. दुसऱ्याचा फोटो उचलून त्याच्याच नावाने खातं उघडतात, तिथे ‘अस्सल खातं’ आणि ‘नकली खातं’ हेच शब्द हवेत.

रावपुरेकर: मग मथळा ‘सेल्फीतला प्रामाणिकपणा’. स्थळाच्या फोटोंचा परिच्छेद तुम्हीच लिहून द्या.