मदत हवी आहे: बी.कॉम.ची इंटर्नशिप मजुरांच्या मुलांबरोबर केली, आता पुढे काय? (इंदूर)

मालवाकन्या

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी इंदूरची, घर रामबागेत. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मध्य प्रदेशात २०२१ पासून कॉलेजांना नवं शिक्षण धोरण लागू झालं, तेव्हापासून फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप किंवा सामुदायिक काम यातलं काहीतरी करावंच लागतं. वर्गातली बहुतेक जण ओळखीच्या सीएकडे बसून जीएसटीची रिटर्न भरून आली (काही नुसतं सर्टिफिकेट घेऊन आली, असो). मी एका लहानशा संस्थेत गेले. बायपासच्या पलीकडे इमारती उठताहेत, तिथल्या मजुरांच्या आणि शेजारच्या बस्तीतल्या मुलांसाठी ही संस्था संध्याकाळी वर्ग घेते. मजूर बहुतेक झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानीकडचे. मुलं घरी भिली नाहीतर भिलाली बोलतात, शाळेत हिंदी, आणि वर माझी रामबागी हिंदी.

शिकवणं कमी, बाकीची कामं जास्त. सुरुवातीला प्रत्येक मुलाचं वाचन तपासायचं: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ‘असर’च्या पाहणीत (गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासतात ती) करतात तसंच. मूल जिथे अडेल त्या गटात त्याला बसवायचं, शाळेत कितवीत आहे ते बघायचं नाही. त्यामुळे पाचवीतला मुलगा कधीकधी पहिलीतल्या पोरांबरोबर बसतो आणि पूर्ण वेळ मान वर करत नाही.

गणितात तर मी चाटच पडले. एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा आहे, आईबरोबर भाजीच्या ठेल्यावर उभा राहतो. त्याला विचारलं, साठ रुपये किलोची भेंडी, पाऊण किलो घेतली, शंभराची नोट दिली, परत किती? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘पचपन’. तेच पाटीवर १०० उणे ४५ मांडून दिलं तर उत्तर १४५. शून्यातून पाच जात नाहीत म्हणून त्यानं पाचातून शून्य वजा केला, चारातून शून्य, आणि उरलेला एक तसाच खाली उतरवला. मी म्हटलं, असे पैसे परत देशील तर ठेला विकावा लागेल. तर हसून म्हणतो, “दीदी, ये तो स्कूलवाला है.”

आता माझ्या अडचणी.

संस्थेला एका कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा) मिळतो. वर्षअखेरीच्या अहवालाला मला बसवलंय, कारण ‘तू कॉमर्सची’. पटावर साठेक मुलं आहेत. पण भगोरिया (होळीआधीचा आदिवासींचा मेळा) लागला की कुटुंबं गावाकडे जातात आणि होळीनंतर त्याच साइटवर परततीलच असं नाही. कोणी पीथमपूरला जातं, कोणी थेट गुजरातेत. आज रोज येणारी मुलं निम्मीसुद्धा नाहीत. सर म्हणतात, “लाभार्थी साठ लिही, आली होती ना सगळी?” खोटं म्हणता येत नाही, पण लिहायला हात होत नाही. काय करू?

दुसरं, साइटवरच्या दोन बहिणींना शाळेत घालायचंय. शाळेतून सांगितलं, जन्माचा दाखला आणा, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबनोंदणीचा नंबर) आणा, आधीच्या शाळेची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणा. त्यांच्याकडे यातलं काहीच नाही. आई-वडील एकदा जाऊन आले, आता रोजी बुडवून परत जायला तयार नाहीत.

तिसरं घरचं. आजोबा इथल्या एका कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि थकबाकीची वाट बघण्यात आमच्या घरची तीस वर्षं गेली. त्यामुळे बाबांचं एकच म्हणणं, पगार पहिल्या तारखेला झाला पाहिजे आणि देणारा बुडणारा नको. भंवरकुआला बँकेच्या क्लासची चौकशीही करून आलेत. मला मात्र एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावंसं वाटतंय. मला काम आवडलंय की नुसती मुलं आवडलीत, हे ओळखायचं कसं? आणि उद्या बँकेत किंवा कुठेही मुलाखतीला गेले तर हे सांगायचं कसं? ‘गरीब मुलांना मदत केली’ म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो, असं सीनियर सांगतात.

---

गराडू

रामबाग म्हणजे आमच्या मावशीची गल्ली! उत्तरं माझ्याकडे नाहीत, धागा वर आणतोय. त्या १४५ वरून आमचे चिरंजीव आठवले. त्याचं उलटं आहे. वहीत सगळं बरोबर, पण छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जलेबीचे पैसे देऊन सुटे मोजून आण म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघतो.

---

खडूडस्टर

गराडू, तुमचे चिरंजीव एकटे नाहीत. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी बिनचूक करतात, तेच शाळेसारखं मांडून दिलं की अडतात. आणि नुसती शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडतात.

ताई, मी बडवानी जिल्ह्यात सरकारी शाळेत मास्तर आहे. त्या मुलाला हातच्याची वजाबाकी फळ्यावर शिकवू नकोस. खेळातल्या नोटा घे. शंभराची एक नोट दे आणि पंचेचाळीस माग. तो आपणहून म्हणेल, सुटे करून द्या. शंभराच्या दहा दहाच्या, त्यातल्या एका दहाची दहा नाणी. हे मोडणं चालू असतानाच बाजूला आकडे लिहीत जा. सुटे करणं आणि हातचा घेणं एकच आहे हे त्याला दिसलं की तो वर्गातल्या बाकीच्यांना शिकवेल.

आता प्रवेश. शिक्षण हक्क कायदा, २००९. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). टीसीला उशीर झाला हे कारण चालत नाही (कलम ५). कधी शाळेत न गेलेल्या मुलालाही वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं (कलम ४). मात्र कलमं घेऊन मुख्याध्यापकांच्या अंगावर जाऊ नकोस. पोर्टलवर नाव चढवताना त्यांच्यापुढे समग्रचा रकाना येतो, ओरडा त्यांना खावा लागतो. म्हणून आधी समग्र शोध. कुटुंबाचा आयडी आठ अंकी असतो, माणशी नऊ अंकी. घरचं रेशन गावाला असेल तर कुटुंबाचा आयडी बहुतेक निघालेला असतो, फक्त मुलींची नावं चढलेली नसतात. त्यांच्या पंचायतीच्या सचिवांना फोन लाव. आणि शाळेत तोंडी बोलणं नको, लेखी अर्ज दे आणि पोच घे. हातात पोच असली की अर्धी कामं तिथेच होतात. तरीही अडलं तर जनशिक्षकांना (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे शिक्षक) भेट, आणि अगदीच नाइलाज झाला तर सीएम हेल्पलाइन १८१ आहेच.

---

जुनी_फाइल

मी लेखापाल. आधी कारखान्यात होतो, आता बरीच वर्षं संस्थांचे हिशेब बघतो. अहवालाचं सांगतो.

‘लाभार्थी’ हा रकाना एकच ठेवलास म्हणून पेच पडलाय. चार कर: पटावर नाव आलेली, सलग तीन महिने आलेली, स्थलांतर करून गेलेली, आणि पहिली व शेवटची अशा दोन्ही वाचन-चाचण्या दिलेली. साठ हा आकडा पहिल्या रकान्यात राहील. सरांचंही राहिलं, तुझंही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. प्रगती दाखवताना पहिली सरासरी साठ मुलांची आणि शेवटची उरलेल्या पंचवीसांची घेऊ नकोस. गेलेली मुलं बहुधा कच्ची असतात, कारण त्यांचंच शिक्षण सारखं तुटत आलेलं असतं. ती गेली की कोणी एक अक्षर नवीन शिकलं नाही तरी सरासरी वर चढते. दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच तुलना कर, आणि किती मुलांची आहे ते तिथेच लिही. आकडा लहान दिसेल, पण कोणी विचारलं तर तुला उत्तर देता येईल.

कंपनीला हे चालेल का? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के असे खर्चावे लागतात. पैसे दाखवायचे कुठे ही त्यांची अडचण असते, मुलं भगोरियाला गेली ही नव्हे. उलट मुलं कोणत्या महिन्यात जातात ते तू लिहिलंस तर पुढच्या वर्षीचं वेळापत्रक त्यावर बेतता येईल. होळीआधी चाचणी उरकायची, जाणाऱ्या मुलाच्या हातात त्याची पातळी लिहिलेला कागद द्यायचा, म्हणजे पुढच्या ठिकाणी कोणी त्याला पुन्हा ‘अ’पासून बसवणार नाही.

आणि हो, कॉमर्स सोडून समाजकार्याकडे जायचं असं तू धरून चाललीयस. या क्षेत्रात मुलांवर माया करणारी माणसं पुष्कळ आहेत. उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं) वेळेत आणि बरोबर देणारं माणूस शोधून मिळत नाही.

---

आतेबाई

सगळे कौतुक करताहेत, मी जरा कडू बोलते. अगं, तुझे बाबा चुकीचं बोलत नाहीयेत. माझी लेक या क्षेत्रात आहे. करार वर्षाचा, प्रकल्प ३१ मार्चला संपला की एप्रिलचा पगार नवा निधी येईल तेव्हा. घरभाडं त्याची वाट बघत नाही. एम.एस.डब्ल्यू. कर, जरूर कर, पण बँकेच्या परीक्षेचा फॉर्मही भर. एक दार उघडं ठेवलं म्हणून दुसरं बंद होत नाही. आणि बाबांना ‘तुम्हाला कळत नाही’ असं मात्र म्हणू नकोस, त्यांनी आजोबांना बघितलंय.

---

निळी_शाई

मी भरतीचं काम करते, पुण्यात. मुलाखतीचं सांगते.

‘मदत केली’ हे वाक्यच काढून टाक. ती १४५ ची हकीकत सांग, पण तिथे थांबू नकोस. मुलगा कुठे अडला, तू काय बदललंस, पुढच्या आठवड्यात त्याला काय जमलं, हे तीन वाक्यांत. मग रकान्यांची गोष्ट: वरिष्ठ एक आकडा मागत होते, तू तो न भांडता कसा मांडलास. बँकेत असो की कुठेही, माझ्यासारखी बाई हेच ऐकायला बसलेली असते. रिझ्युमेत मुलांचे फोटो, नावं, बस्तीचा पत्ता नको. फेसबुकवरही नको, आणि आई-वडिलांनी हो म्हटलं तरी नको. मजूर माणूस दीदीला नाही म्हणत नाही.

मुलं आवडली की काम, याची माझी कसोटी सोपी आहे. ज्या दिवशी वर्गाला मुलं नव्हती, नुसती रजिस्टरं, फोन आणि झेरॉक्स होतं, त्या दिवशी तू घड्याळ बघत होतीस का? या क्षेत्रात वर चढत गेलीस की मुलं कमी आणि असे दिवस जास्त होत जातात.

एम.एस.डब्ल्यू.साठी इंदूर सोडायलाच हवं असं नाही. तिथेच स्कूल ऑफ सोशल वर्क आहे, जुनी संस्था आहे. टिसचा (मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था) प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो, त्याच्या तारखा बघून ठेव. शिवाय टीच फॉर इंडियासारखी दोन वर्षांची पगारी फेलोशिप असते, पदवीनंतर लगेच करता येते. आतेबाईंच्या मुद्द्यावर माझं मत थोडं वेगळं आहे. दोन-दोन तयाऱ्या एकदम केल्या की दोन्ही अर्धवट राहतात. पण पहिल्या तारखेबद्दल त्या म्हणतात ते खरं आहे.

---

मालवाकन्या

सगळ्यांचे आभार! दोन दिवस धागा परत परत वाचत होते.

रकाने केले. सर आधी कुरकुरले, मग जुनी_फाइल काकांचा सरासरीचा मुद्दा त्यांना कागदावर मांडून दाखवला. म्हणाले, ठेव, पण साठचा आकडा सगळ्यात वर ठेव. ठेवला. दोन्ही चाचण्यांवाली मुलं बावीस निघाली. पातळीचा कागद यंदा गेलेल्यांना देता येणार नाही, पण आहेत त्यांचे लिहायला घेतलेत.

पंचायत सचिवांनी तिसऱ्या फोनला उचललं. कुटुंबाचा समग्र आहे, त्यात थोरलीचं नाव आहे, धाकटीचं नाही. थोरलीचा अर्ज शाळेनं घेतला. धाकटीसाठी सचिव म्हणताहेत आईला पाठवा. आई म्हणते, तेवढ्यासाठी जाण्या-येण्याचं भाडं आणि दोन दिवसांची रोजी कोण देणार. बरोबरच आहे तिचं. आता ते काम इथल्या महापालिकेच्या झोन ऑफिसात होतं का ते बघतेय.

नोटांचा खेळ केला. शंभराची नोट बघून तो आधी म्हणाला, “खुल्ले नहीं हैं.” सगळा वर्ग हसला. मग मोडून दिली. लिहिताना अजून अडखळतो, पण १४५ पुन्हा आलं नाही.

निळी_शाई ताई, झेरॉक्सच्या दिवशी घड्याळ बघितलं नव्हतं, पण सचिवांच्या फोनच्या वेळी खूप वेळा बघितलं :) बाबांशी बोलणं झालं. सीयूईटीचा फॉर्म भरायला हरकत नाही म्हणाले, पण बँकेच्या क्लासचा डेमोही करायचा. रविवारी जातेय.

खडूडस्टर सर, अजून एक. थोरली नऊ वर्षांची आहे, शाळेत कधीच गेलेली नाही. कलम ४ चं विशेष प्रशिक्षण मागायचं तर अर्ज कोणाच्या नावे लिहू?

---

खडूडस्टर

मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत जनशिक्षकांना. अर्जात तिची वाचन-चाचणीची पातळी लिही, तुझ्याकडे आहेच. आणि धाकटीचं समग्र होईपर्यंत थांबू नकोस, तिचाही अर्ज त्याच दिवशी देऊन पोच घे.