युकॉनमधलं २०२७: कधी यायचं, कुठे थांबायचं आणि आपले सण कसे बसवायचे

प्रेषक: वैदेही (एडमंटन)
विषय: २०२७ ची युकॉन सहल

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत युकॉनची (कॅनडाच्या वायव्य टोकाचा प्रदेश) एक सहल घालायची असं आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत ठरलंय. ३५ ते ४० जण होतील. त्यांत आठ मुलं आहेत आणि सहा जण सत्तरीच्या घरातले. नुसती निसर्गसहल नको, तिथल्या उत्सवाला धरून यायचंय. कुठल्या महिन्यात यावं, थंडीत गाड्यांचं आणि ज्येष्ठांचं काय करावं, आणि तिथल्या मूळ रहिवाशांचे कार्यक्रम बाहेरच्यांना पाहता येतात का? श्रीकांतदादा, माधुरीताई, तुम्ही तिथलेच आहात, सविस्तर लिहा.

वैदेही

---

प्रेषक: श्रीकांत (व्हाइटहॉर्स)
विषय: उत्तर: २०२७ ची युकॉन सहल

वैदेही,

इथलं वेळापत्रक युकॉन नदी आणि उजेड ठरवतात. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरची सुरुवात हा नदी गोठण्याचा काळ आणि एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य हा बर्फ फुटण्याचा. या दोन्ही काळांत पाहुण्यांनी धरून यावं असं फारसं काही नसतं, रस्ते चिखलाचे नाहीतर निसरडे असतात आणि उन्हाळी हॉटेलं बंद असतात. राहिले दोन हंगाम: फेब्रुवारी-मार्च, आणि २१ जून ते सप्टेंबरचा मध्य. या दोन्हींच्या मधली 'स्वस्त तिकिटं' पाहून तारीख ठरवू नका.

फेब्रुवारीचा मुख्य उत्सव म्हणजे व्हाइटहॉर्सचा सावरडो राँदेव्हू. तो १९६४ पासून चालू आहे. मेन स्ट्रीट आणि नदीकाठचं शिपयार्ड्स पार्क ही मुख्य ठिकाणं. कुऱ्हाडफेक, ओंडकाफेक, करवतीच्या शर्यती आणि पाठीवर पिठाची पोती लादून चालायची स्पर्धा असते. या शेवटच्या स्पर्धेची मुळं १८९८ च्या सोन्याच्या धावपळीत आहेत. चिलकूट खिंडीवरून कॅनडात शिरणाऱ्याकडे वर्षभराचा शिधा आणि सामान, म्हणजे जवळजवळ एक टन, असल्याशिवाय पोलीस सोडत नसत. मग माणसं तेच ओझं हप्त्याहप्त्यानं खिंडीवर वाहत आणि दरवेळी रिकाम्या हातानं खाली उतरत. मुलांना हे आधी सांगून ठेवा, स्पर्धा बघताना त्यांना जास्त मजा येईल. कुत्र्यांच्या गाड्यांची युकॉन क्वेस्ट शर्यतही फेब्रुवारीतच असते. १९८४ पासून ती व्हाइटहॉर्स आणि अलास्कातलं फेअरबँक्स यांच्यामध्ये १,००० मैल चालायची. अलीकडे युकॉनच्या बाजूला कमी अंतराच्या वेगळ्या शर्यती होतात, त्यामुळे जुन्या लेखांतली माहिती पाहून बेत आखू नका.

बर्फाची शिल्पं मुलांना नुसती दाखवू नका, करायला लावा. उणे वीसमध्ये पडलेला बर्फ कोरड्या पिठासारखा असतो, त्याचा साधा गोळाही होत नाही. त्यासाठी चारी बाजूंनी प्लायवुडचा साचा उभा करायचा (मुलांसाठी मीटरभर पुरे), फावड्यानं बर्फ थराथरानं टाकायचा आणि प्रत्येक वीतभर थरावर उभं राहून तुडवायचा. मग तो एक रात्र तसाच ठेवायचा. ढवळलेले कण एकमेकांना धरतात ते या १२ ते २४ तासांत. घाईनं साचा काढला तर ठोकळा कोपऱ्यापासून ढासळतो. दुसऱ्या दिवशी हातकरवत, खरवडणी आणि जुना चमचा घेऊन वरून खाली कोरत यायचं. खालून आत पोखरलं की वरचं वजन पेलत नाही. हत्ती करायचा तर सोंड पोटाला चिकटूनच ठेवायची. सुटी सोंड दुपारच्या उन्हात पहिली पडते.

थंडीचं गणित असं. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २८ ते उणे ३९ असेल तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली हाच वेळ ५ ते १० मिनिटांवर येतो. म्हणून ज्येष्ठांसाठी २० मिनिटं बाहेर, २० मिनिटं आत असा नेम ठेवा आणि जवळचं ग्रंथालय किंवा कॅफे आधीच हेरून ठेवा. आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा हवा. सुती बनियन घामानं ओलं होतं आणि वाळत नाही, थंडी तिथूनच शिरते. बूट एक माप मोठे घ्या. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्त खेळत नाही आणि पाय आधी बधिर होतात. दोघांत एक लिटरचा थर्मास ठेवा. तिळाची वडी, चिक्की दगडासारखी होते, ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, नाहीतर कवळी असलेल्यांची पंचाईत होईल.

भाड्याची गाडी घेताना समोरच्या जाळीतून प्लगची वायर बाहेर आली आहे का ते बघा. तो इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर. निघण्याआधी तीन-चार तास तो लावून ठेवायचा. एक्स्टेन्शन थंडीसाठीचीच घ्या, घरातल्या वायरचं आवरण गोठून तडकतं. आणि महत्त्वाचं: व्हाइटहॉर्सजवळ धरणाच्या विसर्गामुळे नदी कित्येक ठिकाणी पूर्ण गोठत नाही. काठावरचा पांढरा पट्टा पक्का दिसला तरी त्यावर कुणीही पाय ठेवायचा नाही.

श्रीकांत

---

प्रेषक: माधुरी (डॉसन)
विषय: उत्तर: उत्तर: २०२७ ची युकॉन सहल

वैदेही,

श्रीकांतभाऊंनी हिवाळा मांडलाच आहे. माझं मत विचारशील तर ४० जणांच्या गटानं उन्हाळ्यात यावं.

२१ जून हा मूळ रहिवाशांचा राष्ट्रीय दिवस. युकॉनमध्ये २०१७ पासून त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, आणि २०२७ मध्ये तो सोमवारी येतोय. व्हाइटहॉर्सला तेव्हा सूर्य साधारण साडेचारला उगवतो आणि रात्री साडेअकराच्या पुढे मावळतो. मधल्या वेळातही काळोख होतच नाही. खिडक्यांना लावायला काळं कापड किंवा अॅल्युमिनियम फॉइल आणि चिकटपट्टी आणा, मुलं झोपत नाहीत. डासांसाठी डोक्यावरून घ्यायच्या जाळ्याही हव्यात.

जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला व्हाइटहॉर्सच्या नदीकाठी, क्वॉनलिन डुन सांस्कृतिक केंद्रात मूळ रहिवाशांचा अडाका महोत्सव असतो. तो २०११ मध्ये सुरू झाला. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: हा सगळ्यांसाठी खुला असतो. मूसचं (एक मोठं हरीण) कातडं कमावणं, मणीकाम, कोरीवकाम, ढोल, नाच हे सगळं करणाऱ्यांच्या शेजारी बसून पाहता येतं. कातडं खरवडणं, ताणणं, धुरी देणं हे दिवसेंदिवस चालणारं काम आहे. तासाभराच्या कार्यशाळेत त्याचा एक टप्पाच दिसतो, म्हणून दोन वेगवेगळ्या दिवशी जा. फोटो विचारून काढा. काही गाणी विशिष्ट कुळांची असतात. ती ध्वनिमुद्रित करायची नाहीत असं निवेदक सांगतात, तेव्हा सगळ्यांचे फोन खरोखर खाली गेले पाहिजेत. गटप्रमुखानं हे बसमध्येच बजावावं.

डॉसनजवळ नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड नावाचं जुनं गाव आहे. तिथे ट्रॉन्डेक ह्वेचिन या मूळ रहिवाशांचा मेळावा १९९३ पासून भरतो, हल्ली सम वर्षी, जुलैच्या उत्तरार्धात. म्हणजे २०२७ मध्ये तो नाही, २०२८ मध्ये आहे. तो चुकू नये असं मला मनापासून वाटतं. सोन्यासाठी लोंढे आले तेव्हा ट्रॉन्डेक ह्वेचिनांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी आपली गाणी अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिली. कित्येक दशकांनी ती तिथून परत शिकून आणली. आज मेळाव्यात लहान मुलं ढोलावर गातात ती हीच परंपरा. तिथे बोटीनं जायचं, जेवणावळ सगळ्यांना, दारू आणि नशेला पूर्ण बंदी. पंगतीत आधी ज्येष्ठांना वाढतात, आपल्याला ते सांगावं लागणार नाही. पाहुण्यांनी ताटं-वाट्या आपल्या न्याव्यात आणि भांडी घासायला हात लावावा.

जुलैतच डॉसनचा संगीत महोत्सव असतो (१९७९ पासून). ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी, म्हणजे १६ ऑगस्ट २०२७ ला, डिस्कव्हरी डेची सुट्टी असते. १८९६ च्या ऑगस्टमध्ये बोनान्झा खाडीत सोनं सापडलं त्याची ही आठवण. मिरवणूक, भाज्या-फुलांचं प्रदर्शन, कलावंतांचे मांडव असा सगळा थाट असतो. श्रेय बरीच वर्षं एकट्या जॉर्ज कारमॅकच्या नावावर होतं. त्याच्याबरोबर त्याची बायको केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि भाचा डॉसन चार्ली होते, आणि ही तिघं टागिश या मूळ रहिवासी समाजाची होती. मुलांसाठी प्रश्नमंजूषा कराल तर ही चारही नावं घाला.

व्हाइटहॉर्स ते डॉसन ५३३ किलोमीटर, न थांबता सहा तास. ज्येष्ठ बरोबर असले तर आठ धरा. पेट्रोल कारमॅक्सला भरा आणि पेली क्रॉसिंगला पुन्हा टाकी भरून घ्या. त्यापुढच्या अडीचशे किलोमीटरमध्ये पंप उघडा असेलच या भरवशावर राहू नका. बऱ्याच पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते, म्हणून भेटायच्या जागा आणि वेळा कागदावर लिहून प्रत्येक गाडीत ठेवा. डॉसनची वस्ती दोन हजारांच्या आसपास. महोत्सवाच्या दिवसांत ४० जणांना एका ठिकाणी खोल्या मिळणं कठीण, निम्म्यांनी तंबूची तयारी ठेवावी.

एक गोष्ट बाहेरून येऊन बघता येत नाही, पण घरबसल्या भाग घेता येतो. वसंतात नदीच्या बर्फावर तिपाई उभी करतात, तिची तार काठावरच्या घड्याळाला जोडलेली असते. बर्फ सरकला की तार ओढली जाते आणि घड्याळ थांबतं. तो क्षण कुठला, यावर गावभर अंदाजांची तिकिटं विकली जातात. डॉसनच्या बर्फफुटीच्या नोंदी १८९६ पासूनच्या आहेत. अंदाज बांधताना हवेच्या तापमानाइतकंच वरच्या अंगाला बर्फ किती वितळतोय ते बघायचं. पाणी वाढून बर्फाला खालून उचलतं, तेव्हाच तो फुटतो.

माधुरी

---

प्रेषक: अण्णा (कॅलगरी)
विषय: तिथी आणि वेळ

श्रीकांत, माधुरी, छान लिहिलंत. एक शंका. भारतातल्या पंचांगातल्या वेळा तिथे कशा लावायच्या? आणि होळी, गणपती तिथे कसे करतात?

अण्णा

---

प्रेषक: श्रीकांत (व्हाइटहॉर्स)
विषय: उत्तर: तिथी आणि वेळ

अण्णा, नमस्कार.

युकॉननं नोव्हेंबर २०२० पासून घड्याळ पुढेमागे करणं बंद केलं. त्यामुळे भारताशी फरक बारा महिने साडेबारा तासांचाच राहतो. उन्हाळ्यात आमचं घड्याळ व्हँकुव्हरशी जुळतं. भारतीय वेळेतून साडेबारा तास वजा केले की तिथीचा आरंभ आणि शेवट मिळतो. सूर्योदय आणि चंद्रोदय मात्र वजाबाकीनं काढायचे नाहीत, ते इथलेच बघायचे.

या वजाबाकीनं तारखा बदलतात. २०२७ ची होळी बघा. फाल्गुन पौर्णिमा इथे २२ मार्चच्या पहाटे पावणेचारला पूर्ण होते, म्हणजे पौर्णिमेची रात्र २१ तारखेची, रविवारची. दिवाळीत हाच फरक आणखी जाणवेल. भारतात लक्ष्मीपूजन शुक्रवारी २९ ऑक्टोबरला आहे, पण अमावास्या इथे २९ च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास संपते. संध्याकाळची अमावास्या हवी असेल तर पूजा गुरुवारी २८ ला. कोजागिरीची रात्र १४ ऑक्टोबरची. तेव्हा सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि चंद्र त्याच्या आगेमागेच उगवतो. मसाला दूध बाहेर ठेवायचं तर पातेल्याला झाकण आणि टॉवेल हवा, दहा मिनिटांत साय धरून गार होतं.

संकष्टीला इथे जपून. चंद्र सूर्याच्या उलट वागतो. पौष-माघातला पौर्णिमेजवळचा चंद्र उंच आणि बराच वेळ वर असतो, तर ज्येष्ठ-आषाढातला क्षितिजाला चिकटून जातो आणि डोंगराआड राहतो. उन्हाळ्यात चंद्रोदय मध्यरात्रीनंतरचा असला, तर ज्येष्ठांचा उपवास कधी सोडायचा हे आधीच ठरवून ठेवा.

होळीसाठी सुंदर योग आहे. व्हाइटहॉर्समध्ये मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास हिवाळ्याची मरगळ जाळण्याचा एक सार्वजनिक कार्यक्रम होतो. लोक आपली दुःखं चिठ्ठ्यांवर लिहितात, नदीकाठानं चालत जातात आणि एका मोठ्या पुतळ्याबरोबर त्या आगीत टाकतात. आपण वेगळी होळी पेटवण्याऐवजी त्यांच्यात सामील व्हावं, नैवेद्याची पोळी घरून न्यावी. स्वतंत्र होळी करायची तर अग्निशमन विभागाला विचारूनच. रंग कोरडेच खेळायचे. ओला रंग उणे दहात अंगावर गोठतो. बर्फावर सांडलेला गडद रंग उन्हात जास्त तापतो आणि तिथे खड्डे पडतात, म्हणून सार्वजनिक बागेत खेळू नका.

भारतात गणपती ४ सप्टेंबरला, शनिवारी येतोय, आणि इथे पुढचा सोमवार कामगार दिनाची सुट्टी. मूर्ती कुंभारकामाच्या साध्या पाण्याच्या मातीची करा. पोकळ, २० ते २५ सेंटिमीटर उंच, भिंत दीड सेंटिमीटरपेक्षा जाड नको. आत काडी-तार घालू नका. माती आकसते, तार आकसत नाही, आणि तडा तिथेच जातो. इथली घरातली हवा फार कोरडी असते. बाहेरची कातडी आधी वाळली की मूर्ती फुटते, म्हणून आठवडाभर सैल प्लॅस्टिकखाली वाळवा. विसर्जन बादलीत, कोमट पाण्यात. मूर्ती पूर्ण कोरडी असेल तर तासाभरात ढासळायला लागते, अर्धओली असेल तर गोळा तसाच राहतो. रंग हळद-गेरूचेच. नदीत काहीही सोडायचं नाही, ती सॅमन माशांची वाट आहे.

याच सुमारास स्कॅग्वे ते व्हाइटहॉर्स क्लोंडाइक रोड रिले असते: दहा टप्पे, सुमारे १७६ किलोमीटर, रात्रभर. संघ उतरवायचा तर लक्षात घ्या, सुरुवात अमेरिकेत आहे. भारतीय पासपोर्टवाल्या प्रत्येक धावपटूला आणि गाडी चालवणाऱ्यालाही अमेरिकेचा व्हिसा लागेल.

श्रीकांत

---

प्रेषक: माधुरी (डॉसन)
विषय: उत्तर: तिथी आणि वेळ

संक्रांतीचं राहिलं, म्हणून जोडते. शेजारच्या प्रदेशात, इनुविकला, डिसेंबरच्या सुरुवातीपासून सुमारे ३० दिवस सूर्य उगवत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो परततो, तेव्हा तिथे मोठी शेकोटी आणि आतषबाजी करून सूर्योदय महोत्सव करतात. त्यानंतर आठवडाभरात आपली संक्रांत. सूर्याच्या येण्याचा आनंद तिथल्या लोकांइतका खरा क्वचितच कुठे दिसेल. पण ४० जणांना डेम्पस्टर रस्त्यानं नेऊ नका. डॉसनजवळून सातशेच्या वर किलोमीटर खडीचा रस्ता आहे, आणि वारा उठला की तो दिवसेंदिवस बंद राहतो. जायचंच तर चार-पाच जणांनी विमानानं जावं, दोन दिवस राखीव ठेवून.

वैदेही, अडाका धरून यायचं ठरलं तर व्हाइटहॉर्सच्या खोल्या आत्ताच बघायला लाग. त्याच दिवसांत डॉसनपर्यंतची ७१५ किलोमीटरची होड्यांची शर्यतही सुटते आणि दोन्हींकडचे लोक एकाच वेळी गावात असतात.

माधुरी