मदत हवी आहे: रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० बाइकचा ऑइल फिल्टर जागचा हलत नाही

मंडळी, जरा घाईत आहे. ऑइल काढून झालंय आणि फिल्टर काही केल्या सुटत नाही.

मागच्या वेळी ऑइल एका गॅरेजात बदललं होतं, यंदा म्हटलं घरीच करू. ड्रेन बोल्ट मुकाट्यानं सुटला, काळंकुट्ट ऑइल परातीत उतरलं (परात जुनी आहे, घरी विचारून घेतली आहे). फिल्टर मात्र वेल्डिंग केल्यासारखा बसलाय. तो इंजिनाच्या पुढे, दोन बेंड पाइपांच्या (सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) मधोमध, त्यामुळे हात धड जात नाही. मी गाडीखाली आडवा होऊन मागच्या चाकाकडून हात घालतोय.

हातानं पिळला, तळहात सोलला. पॉलिश पेपर गुंडाळला, तर पेपरच फिरला. मग मोठी पक्कड लावली, फिल्टरचा डबा एका बाजूनं चेपला. एका व्हिडिओत माणूस स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवतो. ठोकू का? सोमवारी कामावर गाडीच न्यायची आहे.

जुना बुलेटवाला: ठोकू नका! पत्रा पातळ असतो. फिल्टर खरंच जाम असेल तर स्क्रू ड्रायव्हर पत्रा फाडत जातो, फिल्टर तिथंच राहतो. आज भोक नसेल तर निदान ड्रेन बोल्ट लावून, ऑइल भरून गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेता येईल. भोक पडलं की टेम्पो बोलवा.

आणि एक विचारतो, राग मानू नका. फिरवताय कुठल्या बाजूला? फिल्टरच्या बंद तोंडाकडे बघत घड्याळाच्या उलट फिरवला तर सुटतो. मागून हात घालताय म्हणजे तुम्हाला तो उलटा दिसतोय.

धागाकर्ता: ...

धागाकर्ता: अर्धा तास आवळत होतो. हसून घ्या.

घाटवाट: हसलो. आता उपाय. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी आणा. फिल्टर आणि हात दोन्ही पेट्रोलच्या फडक्यानं पुसा, तेलकटपणा अजिबात नको. पट्टी ताणून गुंडाळा आणि वरून चेन पाना (साखळीनं आवळून फिरवायचा पाना) लावा. पाना डब्याच्या टोकाला नको, इंजिनाकडच्या बाजूला. तिथं पत्रा कडक असतो, चेपत नाही. झटके न देता जोर हळूहळू वाढवा. इंजिन गरम असतं तर फिल्टरच्या तोंडाची रबरी रिंग थोडी सैल झाली असती, पण आता ऑइल नाही, तेव्हा चुकूनही स्टार्टर दाबू नका.

जुना बुलेटवाला: बरोबर. बहुतेक मागच्या वेळी रिंगला ऑइल न लावता कोरडीच बसवली असेल, वर पान्यानं आवळला असेल. नवीन बसवताना रिंगला बोटानं ऑइल लावा, ती टेकली की हातानंच पाऊण फेरा. पाना नाही.

धागाकर्ता: निघाला!! चेन पाना कोपऱ्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यानं दिला, तासाभराच्या बोलीवर. पहिल्या दोन वेळा चेन सरकली. तिसऱ्यांदा 'कट्' असा आवाज झाला, मला वाटलं आटे गेले. पण फिल्टर सुटला होता, पुढं हातानंच फिरला. उरलेलं ऑइल कोपरापर्यंत ओघळलं, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

घाटवाट: अभिनंदन. जुन्या फिल्टरवर रिंग आहे का बघा. नसेल तर ती इंजिनालाच चिकटलीय. तिच्यावर नवीन चढवलात तर दोन रिंगा होतील आणि गाडी सुरू केल्याबरोबर ऑइल बाहेर.

धागाकर्ता: इंजिनालाच होती! काळ्यावर काळी, दिसलीच नसती. नखानं सोलून काढली. नवीन फिल्टर बसवला, ऑइल भरलं, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून खाली पुठ्ठा टाकला. पुठ्ठा कोरडा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजात देतो. परात काही घरात परत जाणार नाही, तसा निरोप आलाय.