प्रतिसाद: मिस्क्रिअंट म्हणजे मुळात कोण?

वर कुणीतरी 'मिस्क्रिअंट' (म्हणजे इंग्रजीत बदमाश, समाजकंटक) ची फोड 'मिस' अधिक 'क्रिएट' अशी केलीये, वाटतं खरं तसं पण क्रिएटशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या फ्रेंचमधून आलाय तो, मेस म्हणजे चुकीचं आणि क्रेआं म्हणजे मानणारा, मूळ लॅटिन क्रेडेरे, ज्यातून क्रीड (धर्मश्रद्धा) आणि आपलं बँकेतलं क्रेडिटसुद्धा आलं. म्हणजे चुकीच्या धर्माचा माणूस, त्या काळच्या ख्रिश्चन युरोपात मुसलमान, पाखंडी सगळे त्यात. आता ज्याचा देव खोटा त्याची नियत तरी कशी खरी असणार, असा सगळा हिशोब, त्यामुळे सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी शब्द नुसती शिवी होऊन बसला. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द सेकंड' नाटकात बोलिंगब्रोक हा सरदार मोब्रे या दुसऱ्या सरदाराला भर दरबारात राजद्रोही आणि मिस्क्रिअंट म्हणतो, दोघंही पक्के ख्रिश्चन, भांडण राजद्रोहाचं!

आपल्याकडे 'पाखंडी' चं तेच झालंय की. अशोकाच्या गिरनारच्या १२व्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे साधा पंथ, कुठलाही, आणि राजा म्हणतो सगळ्यांचा मान ठेवा. पुढे वेद न मानणारे तेवढे पाखंडी झाले आणि आता तर सरळ ढोंगी.

इंग्लंड-अमेरिकेत मिस्क्रिअंट आता जरा पुस्तकी वाटतो, पण आपल्या इंग्रजी पेपरात बसवर दगड मारणारे अजून 'अननोन मिस्क्रिअंट्स'च असतात. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्करसुद्धा बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीवाल्यांना हेच म्हणायचं.