पुरावे गोळा करणं हा ‘हौशी लोकांचा उद्योग’ आहे का? (रोखठोक यांना उत्तर)

वहीवाला:
कालच्या युक्रेनच्या धाग्यावर, युद्धातल्या अत्याचारांचे पुरावे गोळा करणाऱ्या संस्थांवर रोखठोक यांनी पिंक टाकली: ‘ही संस्थावाली मंडळी मोबाइलवर प्रेतं टिपतात, देणग्या उकळतात, परिषदा झोडतात. आजवर एका तरी हुकूमशहाला बेड्या पडल्या का? पुरावे गोळा करणं पोलिसांचं काम, हौशी लोकांनी लुडबुड करू नये.’ दोन ओळींत सोडून देणार होतो, पण डोकं शांत होईना, म्हणून वेगळा धागा.

एक तरी हुकूमशहा? घ्या, चाडचा हिसेन हाब्रे. सुलेमान गेंगेंग नावाचा साधा हिशेबनीस त्याच्या तुरुंगात मरता मरता वाचला. १९९० साली हाब्रे पळाल्यावर गेंगेंग सुटला आणि त्याने साथीदारांसह इतर पीडितांचे जबाब लिहून घ्यायला सुरुवात केली. ७९२ जणांचे कागद जमले. हाब्रेचे जुने लोक पुन्हा खुर्च्यांवर बसले, तेव्हा गेंगेंगने ते घरी लपवून ठेवले. २००१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेच्या लोकांना हाब्रेच्या गुप्त पोलिसांची कागदपत्रं चाडची राजधानी एन्जामेनातल्या एका ओसाड इमारतीत धूळ खात पडलेली सापडली. ३० मे २०१६ ला सेनेगलमधल्या डाकारमध्ये हाब्रेला जन्मठेप झाली.

आणि पोलिसांचं म्हणाल, तर मारणारे पोलीसच असतील तेव्हा तक्रार कुठल्या ठाण्यात नोंदवायची, तेही सांगून टाका.

रोखठोक:
वा! २६ वर्षांत एक. अभिनंदन. आता उरलेल्यांचं बोला. पुतिनविरुद्ध मार्च २०२३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट निघालं. सप्टेंबर २०२४ मध्ये साहेब मंगोलियात गेले. मंगोलिया त्याच न्यायालयाचा सदस्य. लाल गालिचा अंथरला गेला, बेड्या कुणी काढल्याच नाहीत. लिबियातला लष्करी कमांडर वेरफल्ली याच्यावर २०१७ मध्ये सोशल मीडियावरच्या व्हिडिओंच्या आधारे वॉरंट निघालं. २०२१ मध्ये बेनगाझीत त्याला कुणीतरी गोळ्या घातल्या, खटला उभा राहिलाच नाही. याला तुम्ही न्याय म्हणता, मी फायलिंग म्हणतो.

सावकाश:
पुतिन सुटला म्हणून खालचेही सुटू द्यायचे? जर्मनीतल्या कोब्लेंझचा खटला विसरलात. सीरियाच्या गुप्तचर खात्याच्या अल-खतीब शाखेचा अधिकारी अन्वर रसलान जर्मनीत आश्रित म्हणून राहत होता. त्याला ओळखणारे सीरियन निर्वासित, साक्षीदार शोधून आणणारे सीरियन वकील. जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेप. ‘सीझर’ या टोपणनावाच्या माणसाने सीरियाबाहेर आणलेले, कोठडीत मेलेल्यांचे फोटोही तिथे पुराव्यात होते.

रोखठोक:
सीझर हा लष्करी पोलिसांचा फोटोग्राफर हो! प्रेतांचे फोटो काढायला सरकारच त्याला पगार देत होतं. तुमच्या संस्थांचं काय कर्तृत्व त्यात?

सावकाश:
फोटोंवर नुसते नंबर होते, नावं नव्हती. हा माझा मुलगा, हा माझा भाऊ, हे घरच्यांनी आणि त्यांच्यासोबत बसलेल्या कार्यकर्त्यांनी ओळखलं. ते काम कुठलं सरकार करणार होतं? असदचं?

कोर्टपक्षी:
दोघांनाही थोडं कोर्ट दाखवतो. माझ्या एका फौजदारी खटल्यात मारहाण स्पष्ट दिसणारा व्हिडिओ होता. पण तो याच्याकडून त्याच्याकडे फॉरवर्ड होत आला होता, मूळ फोन गायब. समोरच्या वकिलाने विचारलं, कुणी काढला, कधी, मधे हात कुणाकुणाचे लागले? आमच्याकडे उत्तर नव्हतं. संपला विषय. आरोपी माझ्याकडे बघून हसत बाहेर पडला.

म्हणून नुसतं ‘टिपलं’ म्हणजे पुरावा नव्हे. वेळ, ठिकाण आणि फाइलला कुणी हात लावला नाही याची खूण जपणारी ॲप्स आता आहेत. आयविटनेस त्यातलंच, २०१५ पासूनचं. त्यातले फोटो २०१८ मध्ये काँगोच्या लष्करी न्यायालयात वापरले गेले आणि शिक्षा झाली. इंटरनेटवरचे फोटो-व्हिडिओ पुरावा म्हणून कसे तपासावे-जपावे याचे नियम सांगणारा बर्कली प्रोटोकॉलही २०२० मध्ये आला. हौशी लोक सगळेच हौशी राहिलेले नाहीत, रोखठोक. पण बरेचसे अजून आहेत, हेही तितकंच खरं.

मेघना_के:
ॲपचं कौतुक पुरे. माणसांचं काय? माझी सीरियन सहकारी. तिच्याकडे आधी एक संस्था आली, मग पत्रकार, मग दुसरी संस्था, मग सरकारी अधिकारी. प्रत्येकाला तीच रात्र पहिल्यापासून सांगायची. नंतर ती अनोळखी नंबर उचलेनाशी झाली. त्यात चार ठिकाणी तपशील किंचित वेगळे लागले की बचावाचा वकील त्यावरच नाचणार. त्याच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने २०२२ मध्ये संस्थांसाठी सूचना काढल्या, त्यांत हेच आहे: एकाच माणसाचे पुन्हा पुन्हा जबाब घेऊ नका. वाचतंय कोण?

पाणबुडी:
या सगळ्यापेक्षा मोठा गुन्हा म्हणजे आकडे कमी करणं. बोस्नियाच्या १९९२-९५ च्या युद्धात दोन-अडीच लाख मेले हे जगाला ठाऊक होतं. सारायेवोच्याच मिरसाद तोकाचाच्या संस्थेने २००७ मध्ये मृतांची यादी काढली, जेमतेम ९७ हजार. नाकारणाऱ्यांना आयतं कोलीत!

वहीवाला:
जेमतेम?? ती एकेक नावाची यादी आहे. हेगच्या युगोस्लाव्हिया युद्धगुन्हे न्यायाधिकरणाच्या लोकसंख्यातज्ज्ञांचा अंदाजही लाखाच्या आसपासच आला. फुगवलेला आकडाच नाकारणाऱ्यांच्या कामाचा, कारण तो एका झटक्यात फोडता येतो. नावाला काय फोडणार?

पाणबुडी:
तुम्हाला घरबसल्या हिशेब सोपा वाटतो. अख्खं कुटुंब मेलं तर नाव नोंदवायला येणार कोण?

वहीवाला:
म्हणून वाटेल तो आकडा ठोकायचा? तुमच्यासारख्यांमुळेच...

पाणबुडी:
‘तुमच्यासारख्यां’ म्हणजे कोणासारख्या? सरळ बोला की.

कोर्टपक्षी:
आवरा. दोन्ही खरं आहे: यादी कधीच पूर्ण होत नाही, आणि कोर्टात यादीच चालते. पाणबुडी, तोकाचाला त्याच्याच लोकांनी देशद्रोही ठरवलं, ते तुमच्याच मुद्द्यावरून. तरी त्याने नावं काढायचं थांबवलं नाही.

पाणबुडी:
बरं. नावं हवीतच. पण तळाला मोठ्या अक्षरांत लिहा, यादी अपुरी आहे. एवढं तरी करा.

मेघना_के:
मूळ मुद्दा कुठे गेला कुणास ठाऊक. जाता जाता: २०१७ मध्ये यूट्यूबच्या यंत्रांनी सीरियातले व्हिडिओ ‘हिंसक’ म्हणून पटापट उडवले. सीरियन अर्काइव्हवाल्यांनी प्रती उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून बरेच वाचले. त्यांनाही हौशीच म्हणायचं का?

रोखठोक:
ठीक. यूट्यूबपेक्षा ते बरे, एवढं मान्य. हाब्रेही तुमचा. आता तुमच्या संस्था एकाच बाईला चौथ्यांदा जबाब विचारायला जातात, त्यावर वहीवाला अजून गप्प का आहेत?

वहीवाला:
गप्प नाही, जेवत होतो. मेघनाताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण उपाय ‘विचारूच नका’ हा नाही. पहिल्या संस्थेने लिहून घेतलेलं दुसरीने वाचावं. आपापसात फाइली दाखवायला यांना जीव जातो, हे मात्र तुमच्या ‘उद्योग’ या शब्दाला धरून आहे. घ्या, खूश?

रोखठोक:
लिहून ठेवतो. तारीख-वेळेसकट, त्या तुमच्या ॲपमध्ये.