बॅरन बेटावरील ज्वालामुखीची उष्णता नोंदवण्यासाठी कोणती उपग्रह-माहिती वापरावी?

भूगोलवाला: मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. अंदमानातील बॅरन बेटाच्या ज्वालामुखीचा मे 2005 मधील उद्रेकापासून आजपर्यंतचा उष्णतेचा आलेख विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचा आहे. लॅपटॉप जुना आहे आणि खर्च शून्य हवा. कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यकडा: सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रे घ्या. त्यांच्या लघुतरंग अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) पट्ट्यांत 20 मीटरपर्यंतचा तपशील मिळतो आणि विवरातील तप्त भाग स्पष्ट उठून दिसतो. मी त्यासाठी नवा लॅपटॉप घेतला. आपणही आधी तेच करावे.

तापमापी: हाती धरायचा थर्मल कॅमेरा घ्या. माझा चाळीस हजारांना पडला आणि अतिशय उत्तम चालतो.

निशाचर: कॅमेरा घेऊन त्या बेटावर जाणार कोण? सर, व्हीआयआयआरएस हा उपग्रहावरील संवेदक वापरा. पदार्थ जितका तप्त, तितके त्याचे उत्सर्जन लहान तरंगलांबीकडे सरकते; म्हणून सुमारे 4 मायक्रोमीटरच्या पट्ट्यात 375 मीटरच्या चौकटीचा (पिक्सेलचा) लहानसा भाग तापला तरी तो ओळखता येतो. मात्र रात्रीच्याच नोंदी घ्या, कारण दिवसा परावर्तित सूर्यप्रकाश त्याच पट्ट्यात मिसळतो.

सह्यकडा: सेंटिनेलमध्ये तर प्रत्यक्ष चित्र दिसते, नुसते ठिपके नव्हेत.

निशाचर: पावसाळ्यात चित्रात ढगच दिसतील.

सागरवेध: ढग व्हीआयआयआरएसलाही अडवतात, त्यामुळे हा वाद निरर्थक आहे. माझेही मत सेंटिनेल-2 लाच.

भूगोलवाला: सर्वांचे आभार. तरीही मी मोडिस हा 2005 च्या आधीपासून नोंदी घेणारा नासाचा उपग्रहावरील संवेदकच निवडतो आहे. सेंटिनेल-2 चा पहिला उपग्रह 2015 मध्ये अवकाशात गेला, व्हीआयआयआरएस 2011 मध्ये. 2005 चा उद्रेक त्या दोघांनीही पाहिलेला नाही. मोडिसची चौकट एक किलोमीटरची आहे आणि बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद, त्यामुळे लाव्हा कोणत्या उतारावर आहे हे कळणार नाही. पण आमचा प्रश्न तो नाहीच. आगी आणि तप्त ठिकाणांच्या नोंदी देणाऱ्या नासाच्या फर्म्स संकेतस्थळावरून जुन्या नोंदींचा तक्ता विनामूल्य मिळतो. त्यात दिवस-रात्रीचा स्तंभ आहे, मेगावॅटमधील उत्सर्जित शक्ती आहे आणि नोंदीच्या प्रकारासमोर 1 असेल तर ती सक्रिय ज्वालामुखीची मानलेली असते. ज्या रात्री नोंद नाही ती रात्र आलेखात शून्य न दाखवता रिकामी सोडू, कारण तेव्हा वर नुसते ढगही असू शकतात.

तापमापी: तरी कॅमेऱ्याचा विचार करावा.